माझ्यावर पुस्तक ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि सध्या मी रागात आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. लाकडाला राग येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर सांगणाऱ्याने कधी लाकडाला विचारलेलं नाही.

आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. छत्री म्हणते, मला शिवा. खुर्ची म्हणते, माझ्यावर बसा. सगळ्यांचं रडगाणं एकच, की आम्हाला वापरा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं नेमकं उलटं आहे. माझ्यावर काहीही ठेवू नका. रिकामं राहणं हेच माझं काम आहे, आणि एवढं सोपं काम लोकांनी मला धड करू दिलं नाही.

मी एका सार्वजनिक वाचनालयात राहते. देवघेवीचा काउंटर, म्हणजे तुम्ही वाचून झालेलं पुस्तक परत करता आणि नवं घेता ती जागा, आमच्या हॉलच्या एका कोपऱ्यात आहे. दोन बाजूंना भिंती, दोन बाजूंना काउंटर, आणि मधल्या चौकोनात काम करणारं माणूस. काउंटरच्या एका टोकाला, मुख्य दाराजवळ, कमरेएवढं फाटक आहे. दुसऱ्या टोकाला मी आहे. मला बिजागऱ्या आहेत. मला वर उचललं की माझ्याखालचं छोटं दार उघडतं आणि बाहेर पडायला वाट होते. तिथून तीन पावलांवर मागची खोली. तिथे आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, खिळखिळी झालेली पुस्तकं शिवत बसतात. त्या खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी आहे. ही कडी लक्षात ठेवा.

माझा जन्म झाला असं म्हणता येणार नाही. मला कापून काढलं. पूर्वी हा काउंटर अखंड होता आणि आत-बाहेर करायला फाटक तेवढं होतं. तेव्हाच्या ग्रंथपाल म्हणजे थोरल्या बाई. अंगाने लहानखुऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात, आणि चालताना चपलांचा आवाज म्हणून येणार नाही. आमच्याकडे एक निवृत्त आजोबा रोज सकाळी नऊच्या ठोक्याला यायचे, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला. एके दिवशी दुपारी त्यांनी पान उलगडलं तर कोड्याच्या जागी चौकोनी भोक! आजोबा तरातरा काउंटरशी आले. "कोडं तुम्हीच कापलंत," म्हणाले. बाईंनी नाही म्हटलं. मग आजोबा फाटकात उभे राहिले, दोन्ही हातांनी फाटक धरलं आणि म्हणाले, "कबूल करा, त्याशिवाय सोडत नाही."

चाळीस मिनिटं, मित्रांनो. कोड्यासाठी! हॉलमधले वाचक गालातल्या गालात हसत होते. शेवटी आजोबांची सून त्यांना शोधत आली आणि तिने त्यांची चष्म्याची डबी उघडली. कोडं घडी घालून आत ठेवलेलं होतं. सकाळी त्यांनी स्वतःच कापलं होतं आणि दुपारपर्यंत ते विसरले होते. आजोबा ओशाळले, दोनदा माफी मागून गेले. सगळ्यांच्या लेखी तो एक गमतीचा किस्सा झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या चाळीस मिनिटं हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि आपल्याला बाहेर पडायला दुसरी वाट नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं. सुतार काउंटरवरून हात फिरवत हळहळला. "बाई, अखंड लाकूड आहे हो. हे कापायचं माझ्या जिवावर येतंय."

"कापा," बाई म्हणाल्या. "काल एक म्हातारा माणूस वाटेत उभा होता. उद्या कुणी तरणा उभा राहील. जिथून सुटायला एकच दार आहे, तिथे मी कुणाला बसवणार नाही."

सुताराने कापलं. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण आपण कशासाठी आहोत हे ज्याला जन्माच्या दिवशीच कळतं, त्याला दुखण्याचं फार वाटत नाही.

त्यानंतरची पुष्कळ वर्षं मी अभिमानाने काढली. माझ्यावर कागदाचा कपटासुद्धा ठेवायचा नाही, हा बाईंचा नियम. एकदा पाहणीला आलेल्या कुणा मोठ्या अधिकाऱ्याने चहाचा कप माझ्यावर टेकवला, तर बाईंनी तो उचलून त्याच्या हातात दिला. "इथे नको. ही वाट आहे." अधिकारी उभ्याउभ्या चहा प्यायला.

तुम्हाला वाटत असेल, वाचनालयात कसली आलीय धोक्याची वाट? तिथे तर शांतता असते! हेच ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अहो, जिथे कुणालाही मोकळेपणाने येता येतं, तिथे कुणीही येतं. पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडणारे येतात. राखून ठेवलेलं पुस्तक दुसऱ्याला का दिलं, म्हणून टेबलावर मूठ आपटणारे येतात. घरचा राग बाहेर काढायला जागा नाही म्हणून इथे येऊन ओरडणारेही येतात. काउंटरमागचं माणूस उठून जाऊ शकत नाही आणि उलट ओरडू शकत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

थोरल्या बाईंची रीत मी जवळून पाहिली आहे. समोरचा जितका वर चढेल, तितका त्यांचा आवाज खाली यायचा, इतका की ऐकण्यासाठी त्याला गप्प बसावं लागे. "तुम्हाला त्रास झाला, हे खरं," असं त्या आधी म्हणत, मग नियम सांगत. कोण बरोबर आणि कोण चूक, हा वाद त्यांनी कधी घातला नाही. तापलेलं माणूस दिसलं की बोलता बोलता कात्री आणि टोच्या खणात टाकत. आणि बोलणं हाताबाहेर चाललं की माझ्यावर दोनदा बोटाने वाजवत. टक, टक. लगेच मागच्या खोलीतून मामा बाहेर येऊन नुसते उभे राहत. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागे. नाहीच भागलं, तर बाई मला उचलून शांतपणे आत जात आणि कडी लावत. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मामांनी एकदा विचारलं, "बाई, आपण का पळायचं?" तर म्हणाल्या, "मी पळत नाही हो, मी घरी धडधाकट जाते."

एक चूक मात्र बाईंनीही केली. हे सगळं त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, मामांना म्हणाल्या, "हिला जपा," आणि गेल्या.

नंतर साहेब आले. वाईट माणूस नव्हे. पुस्तकांवर जीव. पण वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसत आणि काउंटरवर सणासुदीला उतरत. "वाचक हा आपला पाहुणा" अशी मोठी पाटी त्यांनी भिंतीवर लावली. पाहुण्याने यजमानाच्या अंगावर धावून जायचं नसतं, एवढं लिहायला पाटीवर जागा उरली नसावी. काउंटरवर दोन माणसं असायची, तिथे एक राहिलं. दुसरं निवृत्त झालं आणि त्या जागी कुणी आलं नाही. मग दुपारी, मामा जेवायला घरी गेले की, काउंटरवर एकटी ताई.

ताई म्हणजे आमची नवी सहायक. हंगामी होती. वर्षअखेरीला साहेब अहवाल पाठवणार आणि मग तिला कायम करणार, असं ठरलेलं. तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. पण माझ्याबद्दल तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मामांना ठाऊक होतं, तर ते मिठाची गुळणी धरून बसले. नवीन माणसं, नवीन पद्धती, आपण कशाला मध्ये बोलायचं, असं त्यांना वाटलं.

आणि मग घडलं ते फक्त वाचनालयातली माणसंच करू शकतात. दुसरीकडे लोकांना सपाट जागा दिसली तर ते तिथे बसतात, डबा ठेवतात, कोपर टेकतात. वाचनालयातल्या माणसाला सपाट जागा दिसली की त्याचा हात आपोआप पुस्तक ठेवतो. पहिल्या दिवशी ताईने परत आलेली तीन पुस्तकं माझ्यावर ठेवली. "पाच मिनिटं," ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्या दिवशी साहेब खाली आले आणि "ही शिवायला द्या, पाच मिनिटांत मामा नेतील," म्हणून आणखी सात ठेवून गेले. मामा आले, त्यांनी सात नेली आणि शिवून झालेली नऊ आणून ठेवली. महिन्याभरात माझ्यावर चाळीसेक पुस्तकांचा ढीग कायमचा वस्तीला आला. सर्वांत वर दोन खंडांचा जाडजूड शब्दकोश. पाच मिनिटं! त्या पाच मिनिटांना वर्ष व्हायला आलं होतं. मी आतल्या आत करकरत होते, पण फळीची करकर कोण मनावर घेतो?

त्याच वर्षी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आमच्याकडे यायला लागली होती. दर मंगळवारी. मुलगी चित्रांची पुस्तकं निवडायची आणि आई तोवर दाराकडे बघत उभी राहायची. एकदा ती काउंटरशी येऊन म्हणाली, "पत्ता बदललाय, कार्डावर नवीन घालाल?" ताईने घातला. मग त्या बाईने अगदी हळू विचारलं, "हा पत्ता कुणाला कळणार नाही ना?" ताईने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "नाही कळणार. शब्द देते."

तो शब्द माझ्या समोर दिला गेला. मी साक्षीदार आहे.

तो दिवसही मंगळवारच होता. दुपार, मामा घरी, हॉलमध्ये दोन डुलक्या घेणारे वाचक. एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात ब्रीफकेस, तोंडात साखर.

"मॅडम, एक छोटंसं काम होतं. आमची मिसेस इथली सभासद आहे. तिचा नवीन पत्ता जरा बघून सांगता? तिचं एक पुस्तक परत करायचंय."

"पुस्तक माझ्याकडे द्या, मी जमा करून घेते," ताई म्हणाली.

पुस्तक नव्हतंच. ब्रीफकेस उघडलीसुद्धा नाही. "ते आणीन उद्या. पत्ता तेवढा सांगा."

"माफ करा, सर. सभासदांचा पत्ता आम्ही कुणालाच देत नाही. इथे कोण येतं, कोण नाही, हेही सांगत नाही."

"अहो, मी कुणी परका आहे का? नवरा आहे तिचा."

"तरीही नाही, सर."

मित्रांनो, माणूस कुठे चाललाय हे त्याच्या बोलण्यातल्या लहान लहान शब्दांवरून कळतं. इथपर्यंत तो 'मॅडम' म्हणत होता. मग 'मॅडम'ची 'बाई' झाली. 'तुम्ही'चं 'तू' झालं. "ए बाई, तू मला नियम शिकवणार? वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पुस्तकं पुसायची नोकरी तुझी!" ताईने आवाज खाली आणला. कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला ते उपजत येत होतं. "तुम्हाला त्रास होतोय, ते कळतंय मला. वर साहेब आहेत, त्यांच्याशी बोला." तो वर गेला नाही. त्याची नजर कार्डांच्या खणाकडे गेली. मग त्याने फाटक ढकललं आणि तो आत आला.

आत! जिथे वाचकाने कधी पाऊल टाकायचं नसतं, तिथे. त्याने मागे फाटक लावून घेतलं. डुलक्या घेणारे दोघे जागे झाले आणि त्यांनी वर्तमानपत्रं चेहऱ्यासमोर धरली. त्यांच्यावरही माझा राग आहे, तो मी राखून ठेवला आहे.

ताई मागे सरकली. एक पाऊल, दोन पावलं, आणि तिची पाठ मला लागली. कार्डांचा खण तिने किल्ली फिरवून बंद केला होता आणि किल्ली मुठीत धरली होती. तिने वळून माझी कड धरली आणि उचललं. मी हलले नाही. कशी हलेन? चाळीस पुस्तकं आणि शब्दकोश! ज्या एका क्षणासाठी मला कापून घडवलं होतं, तो क्षण आला आणि माझ्या उरावर ग्रंथसंपदा बसलेली. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. लाज माझी नव्हती, तरी वाटली.

"किल्ली दे," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला होता.

ताईने मग जे केलं ते ऐका. ती खाली वाकली, माझ्या कडेखाली खांदा लावला आणि सगळी ताकद लावून उठली. माझ्या बिजागऱ्या किंचाळल्या. मीही सारा जीव एकवटला. ढीग घसरला. कथा, कविता, प्रवासवर्णनं, सगळी धडाधड कोसळली, शब्दकोशाचा दुसरा खंड त्या गृहस्थाच्या पायाशी आपटला आणि तो दचकून मागे झाला. तेवढ्यात ताई माझ्याखालून निसटली. तीन पावलं. दार. कडी. आतून तिने पोलीस चौकीला फोन केला तो मला शब्द न् शब्द ऐकू आला, आणि त्यालाही आला. तो सदरा नीट करत, ब्रीफकेस घेऊन, सभ्य माणसाच्या चालीने निघून गेला. ताई बाहेर आली, खणातल्या एका कार्डावरचा नंबर पाहून पुन्हा आत गेली आणि तिने दुसरा फोन लावला. "तुमची चौकशी करत कुणी आलं होतं. मी काही सांगितलेलं नाही. आता मंगळवारी येऊ नका," एवढंच ती बोलली.

आता खरा राग इथे सुरू होतो.

तुम्ही म्हणाल, साहेबांनी ताईच्या पाठीवर हात ठेवला असेल. तिला पाणी दिलं असेल, घरी सोडायला माणूस दिला असेल. दोन दिवसांनी ताईच्या हातात कागद पडला. आपण ग्रंथसंपत्ती निष्काळजीपणे हाताळून सोळा पुस्तकांचे नुकसान केले. आपण वाचकाशी उद्धट वर्तन केल्याची तक्रार आहे. आपण वरिष्ठांना न विचारता चौकीला फोन करून संस्थेच्या नावाला बाधा आणली. तीन दिवसांत खुलासा करावा. हो, त्या गृहस्थाने तक्रार केली होती! सुरेख अक्षरात, दोन पानं. आणि ती वाचली गेली होती.

साहेब स्वतः खाली येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, दोन ओळींत दिलगिरी लिहून टाका. त्यांना एक, मला एक. तुमचा अहवाल जायचाय, उगाच डाग कशाला? आणि पत्ता द्यायला तशी काय हरकत होती? नवरा-बायकोचं घरचं भांडण. आपण त्यात कशाला पडायचं?"

ताई म्हणाली, "मी पडले नाही, साहेब. ते फाटक उघडून आत आले."

"तरी जरा हसून बोलला असतात तर..."

हसून! माझ्या अंगाचा भडका उडाला. चौकटीत आग लागायची वेळ आली असती, पण मी सरकारी लाकूड.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई कोरा कागद घेऊन बसली होती. 'दिलगीर आहे' एवढं लिहून झालं होतं. घरी आजारी वडील, हातात हंगामी नोकरी. ती सही करणार हे मला दिसत होतं. मागच्या खोलीच्या दारात मामा उभे होते, हातात तोच शब्दकोश. त्याचा सुटलेला कणा त्यांनी त्या मंगळवारीच संध्याकाळी तासाभरात शिवून टाकला होता. नवा दिसत होता. मामांनी ताईच्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्यावर पुन्हा कुणीतरी नीट रचून ठेवलेल्या ढिगाकडे पाहिलं. मग शब्दकोश त्या ढिगावर ठेवून न जेवताच बाहेर पडले.

तासाभराने ते थोरल्या बाईंना घेऊन आले. बाई आता काठी घेऊन चालतात. पण चपलांचा आवाज अजूनही येत नाही. त्यांनी ताईच्या हातातला कागद वाचला. साहेबांची नोटीस वाचली. मग माझ्याकडे आल्या आणि ढिगाकडे बघत राहिल्या. "मामा," म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नाहीत तिला?" मामांनी मान खाली घातली. "आणि मीही लिहून ठेवलं नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांना जरा खाली बोलवा."

साहेब लगबगीने आले. थोरल्या बाईंचा मान ते ठेवतात. बाई म्हणाल्या, "साहेब, एक काम करा. जरा काउंटरच्या आत जाऊन उभे राहा."

साहेब हसत आत गेले. बाई फाटकापाशी गेल्या, आत शिरल्या, फाटक मागे लावलं आणि काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. "मी तो गृहस्थ. वय तिशी-चाळिशी, अंगाने दांडगा. मी आता तुमच्याकडे येतोय. तुम्ही त्या बाजूने बाहेर पडा."

साहेब हसतच माझ्याकडे वळले. एका हाताने त्यांनी मला उचललं. मी उचलली गेले नाही. त्यांचं हसू कमी झालं. दोन्ही हात लावले. मी वीतभर वर आले, ढीग कलला, शब्दकोश घसरायला लागला.

आणि साहेबांनी मला सोडून दिलं. त्यांनी दोन्ही हात पसरून पुस्तकं धरली. शब्दकोश तर छातीशी आवळला. हनुवटीने वरची दोन प्रवासवर्णनं दाबून धरली आणि तसेच उभे राहिले, पाठ बाईंकडे करून.

बाईंनी काठीचं टोक हळूच त्यांच्या पाठीला लावलं.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. बाई नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाहिलंत? तुम्ही पुस्तकं धरलीत. मीसुद्धा कदाचित धरली असती, आयुष्यभराची खोड आहे आपली. हिने धरली नाहीत. हिने पुस्तकं पडू दिली, म्हणून ही आज इथे बसलीय आणि ती दुसरी बाई तिच्या घरी आहे. आणि तुम्ही हिच्याकडे पुस्तकांचा खुलासा मागताय?"

साहेब अजून शब्दकोश छातीशी धरूनच उभे होते. मग तो त्यांनी खाली, जमिनीवर ठेवला. दुसरं पुस्तक ठेवलं, तिसरं ठेवलं. मामा पुढे झाले तर हातानेच थांबवलं आणि शेवटच्या पुस्तकापर्यंत माझा सगळा भार स्वतः उतरवला. ताईच्या समोरची नोटीस उचलून घडी घालून खिशात टाकली. ताईने आपला अर्धा लिहिलेला कागद त्यांच्यासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकला. तो आवाज मला फार आवडला.

गोष्ट इथे गोड करून संपवावी असा मोह तुम्हाला होईल. मला होत नाही. दुपारी काउंटरवर आता दोन माणसं असतात, मामांच्या जेवणाची वेळ बदलली. त्या गृहस्थाला पुन्हा आत येऊ द्यायचं नाही, असं पत्र गेलं. ताईचा अहवाल चांगला गेला आणि ती कायम झाली. थोरल्या बाईंनी सांगितलं ते सगळं ताईने एका वहीत उतरवून काढलं आणि वही काउंटरच्या पहिल्या खणात ठेवली. पण 'माझं चुकलं' हे शब्द तिला आजवर कुणीही ऐकवलेले नाहीत. ना साहेबांनी, ना वर्तमानपत्रामागे लपलेल्या त्या दोघांनी. ते रोज येतात, त्याच खुर्च्यांवर बसतात आणि तिला 'काय ताई, बरं आहे ना?' असं विचारतात. मी त्यांच्याकडे बघते, मित्रांनो. नुसती बघते.

परवा शुक्रवारी ती बाई आली, मुलीला घेऊन. आता ती शुक्रवारी येते. मुलीच्या हातात वाचून झालेली तीन चित्रांची पुस्तकं होती. तिने टाचा उंचावल्या आणि ती माझ्यावर ठेवायला गेली.

"तिथे नको गं, माझ्या हातात दे," ताई म्हणाली.

"का? ही तर रिकामी आहे," मुलगी म्हणाली.

ताईने तिच्या आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे, मग मागच्या खोलीच्या दाराकडे आणि त्या कडीकडे. तिला वाटा ओळखता येतात. तिने मुलीच्या हातून पुस्तकं घेतली आणि स्वतः ताईच्या हातात दिली.

"ती रिकामीच असू दे," ती मुलीला म्हणाली.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या वाचनालयात, शाळेत, दवाखान्यात, जिथे कुणी काउंटरमागे बसून तुमच्याशी हसून बोलतं, तिथे त्याच्या मागे बघा. त्याला निघायला वाट आहे का, हे बघा. त्या वाटेवर खोकी, खुर्च्या, पुस्तकं रचलेली दिसली तर गप्प बसू नका, मोठ्या माणसांना सांगा. आणि कुणी त्याच्यावर ओरडत असेल, तर वर्तमानपत्र खाली ठेवा आणि उठून उभे राहा.

माझ्यावर मात्र काही ठेवू नका. पाच मिनिटांसाठीसुद्धा नको.